शंका आली, पण सांगायची कोणाला?

लोणावळा बाजारातून निघालेला रस्ता भुशी धरण, आयएनएस शिवाजी आणि लायन्स पॉइंट मागे टाकतो आणि आंबवण्याच्या हद्दीत एका भल्यामोठ्या प्रवेशद्वारापाशी पोहोचतो. आत ॲम्बी व्हॅली. तालुका मुळशी, पण जायची वाट मावळातूनच. पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची या रस्त्यावर रांग लागते. बहुतेक मंडळी लायन्स पॉइंटला कणीस-भजी खाऊन तिथूनच माघारी फिरतात. सहारा समूहाच्या या वसाहतीचा लिलाव करा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये सांगितले. राखीव किंमत ठरली 37,392 कोटी रुपये. एवढ्या किमतीला गिऱ्हाईक अर्थातच कोणी आले नाही. पण जी गोष्ट लिलावापर्यंत गेली, तिची सुरुवात दोन साध्या तक्रारींनी झाली होती.

पहिली तक्रार 25 डिसेंबर 2009 ची, अहमदाबादच्या ‘प्रोफेशनल ग्रुप फॉर इन्व्हेस्टर प्रोटेक्शन’ या गटाची. सहाराची एक कंपनी कित्येक महिने देशभर लोकांना रोखे विकते आहे आणि त्याची माहिती कुठेच जाहीर नाही, एवढाच तिचा मथितार्थ. दुसरे पत्र जानेवारी 2010 चे, इंदूरच्या एका गृहस्थाचे. त्यांनी ते पाठवले नॅशनल हाउसिंग बँकेला, म्हणजे चुकीच्या दारात. बँकेने ते फाइलला न लावता भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीकडे धाडले, हे नशीब. त्याच सुमारास समूहातल्या सहारा प्राइम सिटी या कंपनीच्या आयपीओचा मसुदा सेबीकडे आलेला होता. तक्रार आणि मसुदा शेजारी ठेवून वाचणाऱ्या अधिकाऱ्यांना हिशेब जुळेना.

पुढचा घटनाक्रम झपाट्याचा आहे. सेबीचे पूर्णवेळ सदस्य के. एम. अब्राहम यांनी नोव्हेंबर 2010 मध्ये अंतरिम आणि 23 जून 2011 रोजी अंतिम आदेश दिला. दोन सहारा कंपन्यांनी रोख्यांतून उभारलेले पैसे व्याजासह परत करावेत, असे त्यात म्हटले होते. कंपन्यांचा बचाव असा, की हा खासगी व्यवहार आहे. रोखे फक्त मित्र, सहकारी, कर्मचारी आणि समूहाशी संबंधित लोकांना दिले. हे ‘संबंधित’ लोक निघाले सुमारे तीन कोटी! पन्नास किंवा त्याहून अधिक लोकांना देकार दिला की तो सार्वजनिक विक्रीचाच प्रकार होतो, हे कंपनी कायद्यात स्पष्ट लिहिलेले होते. 31 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेबीचे म्हणणे उचलून धरले आणि 24 हजार कोटींहून अधिक रक्कम 15 टक्के व्याजाने परत करायला सांगितली.

मग सहाराने गुंतवणूकदारांची कागदपत्रे सेबीकडे पाठवली. 127 ट्रक, 31,669 खोकी. नवी मुंबईत महापेला मोठे गोदाम घेऊन ती ठेवावी लागली आणि एकेक अर्ज स्कॅन करण्याचे काम सुरू झाले. एवढ्या खोक्यांतल्या माणसांपैकी पैसे मागायला किती जण आले? मार्च 2023 अखेर सेबीकडे आलेले अर्ज होते 20 हजारांच्या आत आणि परत गेलेली रक्कम होती 138 कोटी रुपये. तोवर सहाराच्या परतफेड खात्यात सुमारे 25 हजार कोटी जमा होते. नोंदीतली माणसे खरी होती की नाही, हा प्रश्न न्यायालयाच्या निकालपत्रातही डोकावतो. सहाराचे प्रमुख सुब्रत रॉय 2014 मध्ये तिहारला गेले, 2016 मध्ये पॅरोलवर बाहेर आले आणि नोव्हेंबर 2023 मध्ये वारले. एप्रिल 2025 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने ॲम्बी व्हॅलीतली 707 एकर जमीन जप्त केली. तिची किंमत 1,460 कोटी सांगितली गेली.

या सगळ्याकडे एका बाजूने पाहिले तर नियामकाची जिद्द दिसते. दुसरी बाजू तक्रारदाराची आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. त्या दोन तक्रारदारांच्या हाती घोटाळा सिद्ध करणारा पुरावा नव्हता. कंपनीचे नाव, कागदाचा प्रकार आणि ‘हे बरोबर दिसत नाही’ ही शंका एवढेच होते. सिद्ध करण्याचे काम ज्यांचे त्यांनी केले. शेअर बाजारातल्या लबाडीची शंका येणाऱ्या सामान्य माणसाला नेमके हेच कोणी सांगत नाही. त्याला वाटते, आपल्याकडे पुरावा कुठे आहे? आणि तो गप्प बसतो.

मावळात हे गप्प बसणे महागात पडते, कारण इथे पैसा आला आहे आणि तो नवा आहे. द्रुतगती मार्ग, तळेगाव आणि नवलाख उंबऱ्याची एमआयडीसी, बंगल्यांसाठी डोंगरउतारावर विकलेले प्लॉट यांनी भातखाचरांच्या मालकांच्या खात्यात एकरकमी रकमा टाकल्या. देहूरोड-तळेगावच्या संरक्षण खात्याच्या डेपोंतून आणि लोणावळ्याच्या नौदल केंद्रातून निवृत्त झालेल्यांची पेन्शन आणि फंड वेगळाच. असा पैसा बँकेत पडून राहिला की चुलत्याचा जावई किंवा जुना सहकारी ‘एक चांगली स्कीम आहे’ म्हणत घरी येतो. पूर्वी त्याच्या हातात पॅनकार्ड क्लब्जचे माहितीपत्रक असायचे. मुंबईच्या या कंपनीने हॉटेलच्या खोल्यांच्या नावाखाली सुमारे 50 लाख लोकांकडून पैसे घेतले, त्यांत मराठी घरे चिक्कार. फेब्रुवारी 2016 मध्ये सेबीने 7,035 कोटी रुपये परत करायचा आदेश दिला. तिथे तक्रारी उशिरा का आल्या, याचे उत्तर सोपे आहे. एजंट घरचाच होता. भाच्याविरुद्ध पोलिसांत कोण जाणार?

आता माहितीपत्रकाची जागा मोबाइलने घेतली आहे. टेलिग्रामच्या गटात, व्हॉट्सॲपवर किंवा यूट्यूबवर एका शेअरचे नाव येते. कंपनी कधी न ऐकलेली, भाव दहा-वीस रुपये आणि रोज अप्पर सर्किट, म्हणजे दिवसाला मुभा असलेली कमाल वाढ. यामागचे तंत्र जुनेच आहे. आधी काही जण आपसांत ठरवून खरेदी-विक्री करतात. माल या खात्यातून त्या खात्यात फिरतो, भाव चढतो, बाहेरच्याला वाटते मागणी आहे. मग बातमी सोडली जाते. बाहेरचे लोक धावत येतात आणि आतले त्यांच्या गळ्यात माल मारून निघून जातात. बाजारातले लोक याला ‘ऑपरेटरचा शेअर’ म्हणतात आणि गंमत अशी, की ऑपरेटर आहे हे कळूनही ‘आपण वेळेत बाहेर पडू’ या भरवशावर त्यात शिरतात. असा शहाणा गुंतवणूकदार पुढे तक्रार करत नाही. स्वतःही त्याच खेळात उतरला होता, हे त्याला सांगावे लागते.

साधना ब्रॉडकास्टचे प्रकरण या बाबतीत जवळून पाहण्यासारखे आहे. जुलै 2022 च्या मध्यापासून ‘द ॲडव्हायझर’ आणि ‘मनीवाइज’ नावाच्या यूट्यूब चॅनलांवर या कंपनीचे व्हिडिओ येऊ लागले. कंपनी अदानी समूह विकत घेणार, ती आता चित्रपट काढणार, एका अमेरिकी कंपनीने भक्तिपटांसाठी 1,100 कोटींचा करार केला, असे बरेच काही त्यांत होते. यातले काहीही खरे नव्हते. व्हिडिओ जास्त लोकांपर्यंत जावेत म्हणून जाहिरातींवर पैसे ओतले गेले. कंपनीच्या छोट्या भागधारकांची संख्या 2,167 वरून 55,343 वर गेली. या काळात आधीचे मोठे भागधारक विकत होते. सेबीकडे तक्रारी आल्या, तपास झाला आणि 2 मार्च 2023 रोजी अंतरिम आदेश निघाला. त्यात एका हिंदी चित्रपट अभिनेत्याचेही नाव होते. अंतिम आदेश आला 29 मे 2025 रोजी आणि सुमारे 58 कोटींचा गैरलाभ परत करायला सांगण्यात आले.

म्हणजे अंतरिम आदेशापासून अंतिम आदेशापर्यंत सव्वादोन वर्षे गेली. ज्यांनी वरच्या भावात शेअर घेतले त्यांचे नुकसान भरून निघाले, असे मात्र कोणी म्हणू शकत नाही.

दूरच्या देशांतही चित्र फार निराळे नाही. न्यू जर्सीचा पंधरा वर्षांचा जोनाथन लेबेड इंटरनेटवर वेगवेगळ्या नावांनी फालतू शेअरची स्तुती करायचा आणि भाव चढला की विकून टाकायचा. 2000 मध्ये अमेरिकी नियामकाने त्याच्याकडून व्याजासह 2 लाख 85 हजार डॉलर वसूल केले. मॅडॉफ या अमेरिकी गुंतवणूक व्यवस्थापकाचा घोटाळा तर हॅरी मार्कोपोलोस या विश्लेषकाने 2000 पासून पुन्हापुन्हा लेखी कळवला होता. 2005 मध्ये त्याने सविस्तर टिपणच दिले. नियामकाने ते मनावर घेतले नाही आणि 2008 मध्ये मॅडॉफने स्वतःच कबुली दिली. त्या नामुष्कीनंतर अमेरिकेने 2010 च्या कायद्यात बक्षीस ठेवले: माहितीमुळे दहा लाख डॉलरहून मोठी वसुली झाली तर तिचा 10 ते 30 टक्के वाटा माहिती देणाऱ्याला. मे 2023 मध्ये एका व्यक्तीला 27 कोटी 90 लाख डॉलर मिळाले.

आपल्याकडेही बक्षीस आहे, पण त्याचे दार अरुंद आहे. डिसेंबर 2019 पासून सेबीने ‘इन्फॉर्मंट’ची व्यवस्था आणली. वसुलीच्या 10 टक्के, कमाल मर्यादा आधी एक कोटी, 2021 मध्ये ती 10 कोटी झाली. माहिती देणाऱ्याची ओळख जपण्यासाठी वेगळे कार्यालयही आहे. मात्र हे सगळे फक्त इनसायडर ट्रेडिंगसाठी, म्हणजे कंपनीच्या आतल्या गुप्त माहितीवर केलेल्या व्यवहारांसाठी. खोट्या बातम्या पसरवून भाव चढवणाऱ्या टोळीची खबर दिली तर त्यात एक रुपयाही नाही. ही विभागणी अनाकलनीय आहे. आतल्या माहितीचा व्यवहार चार श्रीमंतांत होतो. खोट्या बातमीचा बळी तळेगावचा निवृत्त कामगार असतो.

मग सामान्य माणसाने जायचे कुठे? इथे बहुतेक लोक वाट चुकतात, कारण दारे अनेक आहेत आणि प्रत्येक दारावरची पाटी वेगळ्या भाषेत आहे. सेबीचे ‘स्कोअर्स’ हे पोर्टल 2011 पासून आहे, एप्रिल 2024 मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. ब्रोकरने पैसे अडवले, कंपनीने लाभांश दिला नाही, शेअर नावावर झाले नाहीत, अशा कामांसाठी ते उत्तम. संबंधित कंपनीला 21 दिवसांत उत्तर द्यावे लागते, समाधान झाले नाही तर दोनदा फेरतपासणी मागता येते. तक्रार मात्र प्रसंग घडल्यापासून एका वर्षाच्या आत आणि नावानिशी हवी. निनावी चालत नाही.

पण ‘अमुक शेअरमध्ये भाव फुगवले जात आहेत’ हे सांगणे वेगळे. ते वैयक्तिक गाऱ्हाणे ठरत नाही. सेबीच्या लेखी ती बाजारातली खबर, मार्केट इंटेलिजन्स. ती घेतली जाते, तपासली जाते, तपासाला बळ मिळाले तर पुढे जाते. ज्याने खबर दिली त्याला मात्र काहीही कळवले जात नाही. तपास गोपनीय ठेवणे हे सेबीचे धोरण आहे आणि त्याला कारणही आहे. चौकशी चालू असल्याची कुणकुण लागली तर ऑपरेटर पळेल. पण दोन वर्षांनी प्रकरण संपल्यावर ‘तुमच्या माहितीचा उपयोग झाला’ एवढी एक ओळ पाठवायला काय हरकत आहे? विहिरीत दगड टाकावा आणि आवाजही येऊ नये, अशी अवस्था झाली की माणूस दुसरा दगड टाकत नाही.

तिसरा प्रकार आहे सल्ल्याचा आणि शिकवणीचा. घाट उतरला की कर्जत. तिथे केंद्र असलेल्या अवधूत साठे यांच्या ट्रेडिंग अकादमीची ऑगस्ट 2025 मध्ये सेबीने झडती घेतली. 4 डिसेंबर 2025 च्या अंतरिम आदेशात सेबीने म्हटले, की शिक्षणाच्या नावाखाली नोंदणीशिवाय गुंतवणूक सल्ला दिला गेला. 3 लाख 37 हजारांहून अधिक लोकांकडून सुमारे 601 कोटी रुपये शुल्क घेतल्याचे नमूद करून सेबीने 546 कोटी रुपये गोठवण्यास सांगितले. आदेश अंतरिम आहे आणि अकादमीने त्याविरुद्ध अपिलाचा मार्ग धरला. अंतिम निष्कर्ष त्या आदेशाने ठरत नाही, हे इथे सांगायलाच हवे. शिकवणी कुठे संपते आणि सल्ला कुठे सुरू होतो, याची रेघ सेबीने जानेवारी 2025 च्या परिपत्रकात ओढली आहे. निव्वळ शिकवणाऱ्याने तीन महिन्यांपेक्षा ताजा बाजारभाव वापरून एखाद्या शेअरबद्दल बोलू नये, असे त्यात म्हटले होते. शिकणाऱ्याला ही रेघ माहीत असली तर वर्गात बसल्या बसल्याच शंका येईल. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो, त्याला दोन मिनिटे लागतात.

चौथ्या प्रकारात शेअर बाजारच नसतो. व्हॉट्सॲप गटात ‘सर’ असतात, नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे ‘सदस्य’ असतात आणि एक ॲप असते. ॲपमध्ये रक्कम दुप्पट झालेली दिसते, काढायला गेले की ‘आधी टॅक्स भरा’. पैसे कुठल्याशा भाड्याच्या बँक खात्यात गेलेले असतात. इथे सेबीला पत्र लिहीत बसणे म्हणजे घर जळत असताना विम्याचा अर्ज भरणे. 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करायची. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी बँकांना रोखायला सांगण्याची सोय या क्रमांकामागे आहे आणि तिचा सगळा भरवसा पहिल्या काही तासांवर आहे. बाजारमध्यस्थांसाठी 1 ऑक्टोबर 2025 पासून ‘व्हॅलिड’ असा शब्द असलेले वेगळे यूपीआय पत्ते सुरू झाले. ब्रोकरचे पैसे भलत्याच ट्रेडिंग कंपनीच्या खात्यावर मागितले जात असतील तर तिथेच हात आखडावा.

तक्रारीची भीतीही खोटी नाही. मुंबईचे उदाहरण आहे. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या यंत्रणेत काही ब्रोकरना इतरांआधी भाव मिळतात, असे सांगणारे निनावी पत्र 2015 च्या सुरुवातीला सेबीला गेले. त्याची प्रत पत्रकार सुचेता दलाल यांना मिळाली. 1992 मध्ये हर्षद मेहता प्रकरण ज्यांनी वर्तमानपत्रातून बाहेर काढले, त्याच या. त्यांच्या ‘मनीलाइफ’ने जून 2015 मध्ये ते छापले. एक्स्चेंजने 100 कोटींचा बदनामीचा दावा ठोकला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबरमध्ये मनाईची मागणी फेटाळली आणि उलट एक्स्चेंजलाच 50 लाखांचा खर्च बसवला. त्यातले 47 लाख दोन रुग्णालयांना गेले. 2019 मध्ये सेबीने एक्स्चेंजला 624 कोटी आणि व्याज भरायला सांगितले. 2023 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो भाग रद्द करून रक्कम 100 कोटींवर आणली. 2024 मध्ये संगनमताचा पुरावा नाही म्हणून सेबीने प्रकरण मिटवले. पत्र लिहिणारा पूर्ण बरोबर होता की अर्धा, हा वाद राहील. पण त्याने विचारलेला प्रश्न रास्त होता, एवढे सगळ्या आदेशांतून दिसते.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. नियामकाला कळवणे आणि चारचौघांत आरोप करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गावच्या गटात ‘अमुक कंपनी चोर आहे’ लिहिणारा बदनामीच्या दाव्यात सापडू शकतो. भाव पाडण्यासाठी मुद्दाम खोटे लिहिले असेल, तर तोच गैरव्यवहाराच्या नियमांखाली येतो. त्या नियमांच्या भंगाला पाच लाखांपासून 25 कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांतला जो जास्त असेल तितका दंड आहे. शंका घेणाऱ्याचे स्वतःचे शेअर त्या कंपनीत असतील किंवा नुकतेच विकले असतील, तर तेही तक्रारीत लिहावे. लपवलेले नंतर बाहेर आले की खरी तक्रारही संशयास्पद वाटते.

तक्रार लिहिण्याचे कसब फार मोठे नाही, पण लोक नेमके इथेच गडबडतात. ‘मोठा घोटाळा चालू आहे, कारवाई करा’ या वाक्याला सेबीत काही किंमत नाही. शेअरचे नाव, संदेश कधी आला ती तारीख आणि वेळ, कोणत्या गटात, कोणत्या नंबरवरून, त्या दिवशीचा भाव, पैसे मागितले असतील तर खात्याचा तपशील, एवढे हवे. स्क्रीनशॉट घेताना तारीख दिसली पाहिजे. गटातून बाहेर पडण्याआधी सगळे जतन करून ठेवायचे. रागाच्या भरात गट सोडला की पुरावाही जातो. कंपनीने एखादी ‘बातमी’ नाकारली आहे का, हे एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर पाहावे. डिसेंबर 2024 पासून बाजारमूल्याने पहिल्या 250 कंपन्यांवर अफवांचा खुलासा करण्याचे बंधन आहे. ऑपरेटरचे शेअर मात्र या यादीच्या फार खाली असतात.

पोलिसांत जायचे तर मावळात आणखी एक घोळ होतो. लोणावळा शहर, लोणावळा ग्रामीण, कामशेत आणि वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे येतात. तळेगाव दाभाडे आणि देहूरोड 2018 मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहेत. एकाच कुटुंबातले दोन भाऊ, एक कामशेतला आणि एक तळेगावात, एकाच गटात फसले तर दोघांची ठाणी दोन वेगळ्या दलांत. हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवू लागले, तर गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि नंतर वर्ग होतो, हे ठणकावून सांगावे. ठेवी म्हणून पैसे घेतले असतील तर महाराष्ट्राचा 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा लागू होतो. त्यात मालमत्ता जप्त करण्याची तरतूद आहे.

सेबीने इन्फॉर्मंटचे बक्षीस भाव फुगवण्याच्या प्रकारांनाही लावावे आणि खबर देणाऱ्याला प्रकरणाच्या शेवटी एक ओळीचे उत्तर द्यावे. याला नवा कायदा लागणार नाही, नियमातली दुरुस्ती पुरेल. तोवर ज्यांना शंका आली आहे त्यांनी सेबीचा 1800 22 7575 हा टोल फ्री क्रमांक फोनमध्ये 1930 च्या शेजारी जतन करून ठेवावा. तिथे मराठीतही बोलता येते.